अर्धशिशी : अर्ध्या डोक्याच्या दुखण्याची पूर्ण कथा

रोगांची नावे हा भाषेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पण अतिशय बोलका विभाग आहे. औरंगाबादच्या (२०२३पासून छत्रपती संभाजीनगरच्या) गुलमंडीत उभे राहून एकाच दुखण्याची चार नावे ऐकू येऊ शकतात. जुन्या वाड्यातील आजी 'अर्धशिशी' म्हणेल, शेजारच्या गल्लीतील दखनी बोलणारी बाई 'आधासीसी' म्हणेल, एखादा वृद्ध हकीम 'शकीका' म्हणेल आणि औषधाच्या दुकानासमोर उभा असलेला महाविद्यालयीन विद्यार्थी 'मायग्रेन'. वैद्यांकडे गेल्यास पाचवे नाव मिळेल : अर्धावभेदक. गुलमंडी या नावाचा सरळ अर्थ फुलांची बाजारपेठ. पैठण गेट आणि सिटी चौक यांच्या दरम्यान, सुपारी मारुतीच्या आसपास पसरलेल्या या पेठेत भाषांची सरमिसळ इतकी जुनी आहे की, कोणता शब्द कोणाच्या घरचा हे सांगणे कठीण जाते.

या सगळ्या नावांमध्ये एक विलक्षण साम्य आहे. ती सारी 'अर्ध्या'भोवती फिरतात. अर्धशिशी म्हणजे अर्धे शीर्ष, आणि आधासीसी हे तिचेच भावंड. 'मायग्रेन' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ ग्रीक 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, हे नाव इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याच्या ग्रंथांतून पुढे चालत आले. अरबी 'शकीका' ज्या धातूपासून येतो त्याचे अर्थ चिरणे, दुभंगणे असे आहेत आणि त्याच कुळातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ एक बाजू, अर्धा भाग असा आहे. 'अर्धावभेदक' या संस्कृत नावात तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात : अर्धा आणि भेदणारा. ग्रीकांनी फक्त भूगोल सांगितला. संस्कृत आणि अरबीने त्या भूगोलात काय घडते तेही सांगितले. नावे ठेवण्याच्या या स्पर्धेत आपण उजवे ठरतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण या नावानेच पुढे थोडा घोटाळाही केला. त्याकडे नंतर येऊ.

गुलमंडीपासून काही कोसांवर देवगिरी आहे. मराठीचे विद्यार्थी देवगिरीला ज्ञानेश्वरकालीन यादवांची राजधानी म्हणून ओळखतात, हेमाडपंताला मोडी लिपी आणि देवळांच्या बांधणीसंदर्भात ओळखतात. तेराव्या शतकातील या हेमाद्री पंडिताने, म्हणजे महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या मंत्र्याने, वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे मात्र आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते. त्याच्या वर्तुळातील वैयाकरण बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. वडिलांच्या 'सिद्धमंत्र' या ग्रंथावर त्याने टीका केली. 'संगीतरत्नाकर'कर्ता शार्ङ्गदेव त्याआधी सिंघण यादवाच्या पदरी होता. तोही मूळच्या काश्मिरी वैद्यघराण्यातला, म्हणूनच संगीतावरील त्याच्या ग्रंथाच्या आरंभी शरीररचनेचे प्रकरण येते. व्याकरण, संगीत, धर्मशास्त्र आणि वैद्यक यांच्यातील भिंती तेव्हा इतक्या उंच नव्हत्या. वैद्यकीय विषयावर साहित्याच्या पानांत लिहिण्यासाठी एवढा आधार पुरेसा आहे.

संहितांमध्ये या दुखण्याबद्दल काय आहे? चरकाने सूत्रस्थानात शिरोरोगाचे पाच प्रकार सांगितले. सुश्रुताने ते अकरापर्यंत नेले आणि त्यांत अर्धावभेदकाला स्वतंत्र जागा दिली. डोक्याचा अर्धा भाग फुटल्यासारखा, टोचल्यासारखा दुखतो, भोवळ येते, आणि हे पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा अचानक उद्भवते, असे त्याचे निरीक्षण आहे. चरकाच्या सिद्धिस्थानात मान, भुवई, शंखप्रदेश, कान, डोळा आणि कपाळ यांच्या अर्ध्या भागातील तीव्र वेदनेचे वर्णन येते. आजच्या पाठ्यपुस्तकातील वर्णनाशेजारी ही वर्णने ठेवली, तर वेदनेची जागा आणि तिचे पुन्हा पुन्हा येणे या दोन्ही बाबतींत ती ओळखीची वाटतात. कारणमीमांसा अर्थातच वेगळी आहे. वात, कफ, त्रिदोष यांची चौकट आणि मज्जातंतूंची चौकट एकमेकींत बसवण्याचा खटाटोप करू नये. तो करणारे दोन्हींचा अपमान करतात.

चरकाने सूत्रस्थानात डोकेदुखीच्या कारणांची जी यादी दिली आहे ती मात्र सावकाश वाचावी अशी आहे. वेग अडवून धरणे, दिवसा झोपणे, रात्री जागणे, मोठ्याने बोलणे, दव, पूर्वेचा वारा, न मानवणारा गंध, धूळ, धूर, थंडी, ऊन, फार रडणे आणि येणारे अश्रू दाबून ठेवणे, ढग दाटून येणे, मनस्ताप. अर्धशिशीचा रुग्ण या यादीपुढे थक्क होऊन बसेल. बदललेली झोप, वास, प्रखर प्रकाश, हवामानातील पालट, मनावरील ताण हे आजही रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या चेतवणाऱ्या कारणांत सर्वांत वर असतात. ज्या वाचकाला हे दुखणे आहे त्याला गुलमंडीतून मे महिन्याच्या दुपारी एकदा चालत जाण्याची कल्पना करता येईल : ऊन, धूळ, वाहनांचा धूर, कर्णे, मोगऱ्याचे ढीग आणि अत्तर. (मोठ्याने बोलणे हे कारण अध्यापकांनी विशेष ध्यानात घ्यावे.) आणि अश्रू दाबणे! रडण्याइतकेच न रडणेही डोक्याला भोवते, ही नोंद करणाऱ्या माणसाने अनेक घरांच्या माजघरात डोकावून पाहिलेले असले पाहिजे.

तरीही या साऱ्या इतिहासाची किल्ली मला वाग्भटाच्या एका छोट्या निरीक्षणात दिसते. हे दुखणे पंधरवड्याने किंवा महिन्याने उसळते आणि आपले आपणच शमते, असे तो सांगतो. 'आपले आपण' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अर्धशिशीचा झटका उपचार केला नाही तरी साधारणतः चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो आणि ओसरतो. मधल्या काळात रुग्ण धडधाकट असतो. म्हणजे वेदना परमावधीला पोचल्यावर जो कोणी जे काही करील, त्याच्या पदरात थोड्या वेळाने यश पडणारच. मंत्र घातला, सुंठ उगाळून कपाळाला लावली, फडके आवळून बांधले, दुसऱ्या कानात काही पिळले, गंडा बांधला; डोके थांबले. श्रेय शेवटच्या उपायाला. स्वतःहून थांबणाऱ्या दुखण्याला जेवढे उपाय असतात तेवढे न थांबणाऱ्या दुखण्याला नसतात. वाग्भटाने हे लिहून ठेवले आणि त्याच्या वाचकांनी, अनुयायांनी, विरोधकांनी ते सोयीस्करपणे बाजूला ठेवले. 'सार्थ वाग्भट' या गणेश कृष्ण गर्दे यांच्या मराठी अनुवादामुळे हा ग्रंथ संस्कृत न जाणणाऱ्या घरांतही पोचला. पण घरांनी त्यातून काढे उचलले, हे वाक्य उचलले नाही.

काढे आणि तेले मात्र टाकाऊ समजू नयेत. त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे मनोरंजक आहे. नाक हे डोक्याचे द्वार आहे या कल्पनेवर नस्याचा सारा विधी उभा आहे. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानात नस्यविधीला स्वतंत्र अध्याय आहे, आणि देवगिरीच्या हेमाद्रीने त्या स्थानावर टीका लिहिलेली आहे. अणुतेल, षड्बिंदू तेल ही नावे आजही वैद्यांच्या चिठ्ठीवर असतात. शार्ङ्गधराच्या संहितेतील पथ्यादी काढ्यात हिरडा, बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंब आणि गुळवेल अशी सात द्रव्ये येतात, आणि तो गूळ घालून घ्यायचा असतो. कडूपणाच्या एवढ्या मोठ्या फौजेपुढे बिचारा गूळ काय करणार, असे पिणाऱ्याला वाटते. महाराष्ट्रातील वैद्यांचा सूतशेखरावर, विशेषतः लघुसूतशेखरावर, जरा जास्तच जीव आहे; पित्ताने डोके चढले की पुण्यापासून परभणीपर्यंत ती मात्रा निघते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या ज्ञानाला मराठीत छापील संसार लाभला तो शंकर दाजीशास्त्री पदे यांच्यासारख्यांमुळे. १९०७ साली नाशकात अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाचा पाया घालणारे पदे हे वैद्यकाइतकेच मुद्रणयुगाचे पुरुष होते. त्यांचा 'आर्यभिषक्' अनेक घरांत पोथ्यांच्या शेजारी ठेवलेला असे. आजीचा बटवा ही जी आपण मौखिक परंपरा समजतो, तिच्यातील बराच ऐवज अशा छापील पुस्तकांतून आजीपर्यंत पोचला असावा, अशी मला दाट शंका आहे.

मराठवाड्याची गोष्ट मात्र पुण्या-नाशकापेक्षा वेगळी. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, शिक्षणाची उर्दू, आणि सरकारी आश्रय युनानी वैद्यकालाही होता. हैदराबादेत चारमिनारजवळ निजामिया तिब्बी दवाखाना व महाविद्यालय उभे राहिले. उस्मानिया विद्यापीठात आधुनिक वैद्यकदेखील उर्दूतून शिकवले जाई. औरंगाबादशी या भाषिक उद्योगाचा निकटचा संबंध आहे. मौलवी अब्दुल हक यांच्या सचिवपदाच्या काळात 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू'चे कार्यालय १९३०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत याच शहरात होते, आणि शास्त्रीय परिभाषा उर्दूत घडवण्याचे मोठे काम येथे चालले. म्हणजे त्या काळात औरंगाबादचा एखादा रुग्ण मराठीत कण्हत असेल, दखनीत हकिमाला सांगत असेल आणि नुस्खा अरबी-फारसी शब्दांत लिहून घेत असेल. आपले भाषाशास्त्र अशा माणसाला 'द्वैभाषिक' म्हणून मोकळे होते. त्याचे डोके दुखत होते हे त्यात येत नाही.

युनानीत शकीक्यावर फस्द म्हणजे रक्त काढणे, हिजामत म्हणजे तुंबड्या लावणे, नाकात औषध सोडणे, डोक्यावर औषधी पाण्याची धार धरणे असे उपाय येतात. इब्न सीनाचा 'कानून' हा त्यांचा आधारग्रंथ. नाकात सोडण्याच्या औषधाचे नस्याशी असलेले साम्य पाहून कोणी कोणापासून घेतले हा वाद घालता येईल. पण एका औषधाबाबत वाद घालण्याचे कारणच नाही. जुनाट डोकेदुखीवर हकीम 'इत्रीफल' देतात. धण्याचे इत्रीफल किश्नीजी, उस्तुखुद्दूस या सुगंधी वनस्पतीचे इत्रीफल उस्तुखुद्दूस. हा 'इत्रीफल' म्हणजे आपली त्रिफळा. हिरडा-बेहडा-आवळा हे त्रिकूट संस्कृतातून निघाले, फारसी-अरबीच्या प्रदेशात जाऊन आले, वाटेत मध आणि नवे उच्चार घेतले, आणि दक्षिणेत परत येऊन पथ्यादी काढ्याच्या समोरच्या फळीवर बसले. दोन दुकानांतील दोन बरण्या, दोन भाषा, दोन धर्मांचे गिऱ्हाईक. आत तेच तीन हिरडे-बेहडे. ही देवघेव एकतर्फी नव्हती आणि अजाणताही नव्हती. अहमदनगर आणि विजापूरच्या दरबारांत वावरलेला इतिहासकार फिरिश्ता आपण बखरी-तवारिखांच्या संदर्भात वाचतो. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथ लिहिला होता.

निजामी मुलखाने डोकेदुखीला दिलेली सर्वांत लोकप्रिय देणगी मात्र ग्रंथातली नाही, बाटलीतली आहे. १९२० साली हैदराबादेत हकीम मोईजुद्दीन फारूकी यांनी 'जिंदा तिलिस्मात' तयार केले. निलगिरीचे तेल, कापूर, मेंथॉल अशा द्रव्यांचे ते लालसर मिश्रण आणि वेष्टनावर निजामाच्या फौजेतील सिद्दी योद्ध्याचे चित्र. मराठवाड्यातील कित्येक घरांत ही बाटली असे आणि अजूनही असते; सर्दी, पोटदुखी, दाढदुखी, डोकेदुखी, कशावरही. जिवंत जादू असे नाव घेतलेल्या औषधाला एकाच रोगापुरते मर्यादित राहणे शोभलेही नसते. मलखांब आणि मारुती ज्या पेठेत शेजारी, त्या पेठेत एका सिद्दी पहिलवानासारख्या पुरुषाचे चित्र कपाळदुखीची हमी देत होते, हे मला सांस्कृतिक इतिहासातील फार गोड दृश्य वाटते.

आणखी एक गोड गोष्ट म्हणजे जिलेबी. सूर्योदयापूर्वी उठून, कोणाशी न बोलता, दूध-जिलेबी खाल्ली की अर्धशिशी जाते, हा उपाय उत्तरेपासून मराठवाड्यापर्यंत सर्वत्र सांगतात. हसण्यावारी नेण्यापूर्वी त्याची वंशावळ पाहावी. संहितांत 'सूर्यावर्त' नावाचा दुसरा शिरोरोग आहे, सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा. (आज त्यातील पुष्कळ रुग्णांच्या कपाळातील पोकळीला सूज निघेल.) लोकव्यवहारात अर्धावभेदक आणि सूर्यावर्त एकमेकांत मिसळले असावेत, म्हणून अर्धशिशीचे मंत्र, उतारे, उपाय सारे सूर्योदयापूर्वीचे. आणि सुश्रुताने 'अनंतवात' या तिसऱ्या शिरोरोगात संयाव, घृतपूर असे गोड, तुपातले पदार्थ खायला सांगितले आहेत. घृतपूर म्हणजे आजच्या घेवराचा पूर्वज. जिलेबीचे नाव मात्र अरबी-फारसी वाटेने आलेले. सुश्रुताची युक्ती, पश्चिम आशियाचे नाव, आणि हलवायाची कढई. गुणाचे म्हणाल तर उपाशी राहणे हे अर्धशिशीला चेतवणारे सुपरिचित कारण आहे. पहाटे काहीतरी पोटात गेल्याने एखाद्याचा दिवस बरा गेला तर नवल नाही. कोणाशी न बोलण्याचा भाग तर निर्विवाद हितकारक. पण मग महिन्याने डोके पुन्हा उठते, आणि तेव्हा दोष जिलेबीला न देता 'तू बोललास' असा रुग्णाला दिला जातो.

रुग्णाला दोष. या दुखण्याच्या सामाजिक इतिहासात हे सूत्र सर्वत्र आढळते, आणि त्यात आपल्या भाषेचाही हात आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली आजारपणावरील निबंधात अशी तक्रार केली की, प्रेमासाठी भाषेत शब्दांचा खजिना असताना डोकेदुखीचे वर्णन करायला बसले की भाषा आटते. मराठीबाबत ही तक्रार लागू पडत नाही. डोके ठणकते, ठसठसते, भणभणते, जड होते, गरगरते, फुटते, उठते, धरते, चढते. कळ येते, तिडीक जाते, चमक मारते, शूळ उठतो, घण बसतात. यातील ठसठसणे आणि घण बसणे हे तर निदानाला थेट उपयोगी शब्द आहेत, कारण नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारी वेदना हे अर्धशिशीचे एक लक्षण आहे. इतकी श्रीमंती असूनही घडले उलटेच. 'डोकेदुखी' म्हणजे कटकट, 'कपाळ उठणे' म्हणजे वैताग, 'डोक्याला ताप' म्हणजे त्रासदायक माणूस. वेदना रूपक झाली आणि रूपक झाल्यावर वेदना खोटी पडली. 'डोके दुखतेय' हे वाक्य मराठी कथेत आणि नाटकात किती वेळा निव्वळ सबब म्हणून आले आहे ते आठवून पाहावे. पात्राचे डोके खरेच दुखत होते अशी शक्यता समीक्षकाच्याही मनात येत नाही. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त तापत्रयाच्या निरूपणात देहाच्या व्याधींची मोठी जंत्री दिली आणि परंपरेप्रमाणे त्यांना 'आध्यात्मिक' तापात घातले. देहाच्या दुखण्याला आध्यात्मिक म्हणणारी ती परिभाषा आज चमत्कारिक वाटते खरी. पण तिने दुखणे सबब ठरवले नव्हते.

या सबबीचा भार स्त्रियांवर अधिक पडला, कारण दुखणेही त्यांच्यातच अधिक. प्रौढ वयात अर्धशिशीचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट स्त्रियांत आढळते. मासिक पाळीच्या सुमारास होणारी संप्रेरकांची चढउतार हे त्याचे एक प्रमुख कारण. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील लोकसंख्याधारित पाहणीत वर्षभरात अर्धशिशी अनुभवणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले, म्हणजे चारांत एक. शेजारच्या राज्यातील हा आकडा मराठवाड्याला अगदीच परका मानण्याचे कारण नाही. चारांत एकाला असलेले दुखणे अदृश्य कसे राहते? घरातील ज्या व्यक्तीने झोपू नये अशी अपेक्षा असते तिलाच ते असले, की राहते.

आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात याचे एक हृदयस्पर्शी उदाहरण आहे. अमेरिकेला जाण्यापूर्वी, गोपाळरावांची बदली बंगालमध्ये श्रीरामपूरला झालेली असताना, त्या सततची डोकेदुखी, अशक्तपणा आणि अधूनमधून येणारा ताप यांनी बेजार होत्या. न्यू जर्सीहून थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांच्यासाठी औषधे पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही. १८८३मध्ये त्या निघाल्या, मार्च १८८६मध्ये पदवी मिळवली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, क्षयाने गेल्या. ती डोकेदुखी अर्धशिशी होती असे मी म्हणत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर चरित्रावरून निदान करण्याचा जो छंद हल्ली बोकाळला आहे तो इतिहासही नाही आणि वैद्यकही नाही. मुद्दा वेगळा आहे. काशीबाई कानिटकरांपासून श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'पर्यंत (१९६८) आनंदीबाईंचे जे चित्र आपल्या मनावर ठसले, त्यात निश्चय, विद्या, पतीचा आग्रह, समाजाचा छळ आणि अखेरचा क्षय हे सारे आहे. दिवसेंदिवस दुखणारे डोके घेऊन इंग्रजी पुस्तके वाचणारी मुलगी मात्र त्या चित्रात पुसट आहे. क्षयाला कथा मिळते, डोकेदुखीला मिळत नाही.

कथा मिळाली नाही तरी बाजार मिळाला. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३मध्ये मुंबईत 'अमृतांजन' काढले. संस्कृत नाव, पिवळा मलम, पुढे घरोघरी. खंडाळ्याच्या घाटातील जुन्या पुलाला त्यावरील जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' हे नाव पडले आणि एप्रिल २०२०मध्ये तो पाडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच नावाने मृत्युलेख लिहिले. एका डोकेदुखीच्या औषधाने महाराष्ट्राच्या भूगोलात शिरकाव करून घ्यावा याला काय म्हणावे! मलमांमागून गोळ्या आल्या. ॲस्प्रो, ॲनासिन, १९३३मध्ये युरोपात जन्मलेली सॅरिडॉन. किराणा दुकानात, पानाच्या ठेल्यावर, एसटी स्थानकावर एकेक सुटी मिळणारी गोळी. वेदनाशामकांचे मिश्रण आणि त्यात थोडे कॅफीन. सप्टेंबर २०१८मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली त्या यादीत सॅरिडॉनही होती. सर्वोच्च न्यायालयात तिला दिलासा मिळाला आणि ती बाजारात राहिली.

पाश्चात्य वैद्यकात या सुमारास एक वेगळीच वस्तू पुढे आली होती, आणि तिचे नाव मराठवाड्याच्या शेतकऱ्याला डॉक्टरांआधी ठाऊक आहे. अरगट. बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकट स्राव दिसतो आणि मग दाण्याच्या जागी काळसर गाठी येतात, तो अरगट रोग. बी वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचे, तरंगलेल्या गाठी काढून जाळायच्या, हा कृषी विभागाचा सल्ला गावोगावी माहीत आहे. अशी बाजरी खाऊन १९५०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात विषबाधेची साथ आली होती. युरोपात राय या धान्यावर वाढणाऱ्या या बुरशीच्या भावंडातून स्वित्झर्लंडमधील आर्थर स्टोल यांनी १९१८मध्ये 'अर्गोटामीन' वेगळे केले. (बाजरीवरील बुरशीतील द्रव्ये निराळी, तेव्हा कणसे गोळा करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.) १९३८मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ या अमेरिकन वैद्यांनी दाखवले की, अर्गोटामीनने कपाळावरील रक्तवाहिनीचे उसळणे कमी होते तशी वेदनाही कमी होते. त्यावरून अर्धशिशी म्हणजे रक्तवाहिन्यांचे फुगणे हा सिद्धांत रूढ झाला आणि अर्धशतक टिकला. विष आणि औषध एकाच कणसातून, हे आपल्या रसशास्त्राला नवे नव्हते.

गंमत अशी की, त्या सिद्धांताला सुरुंग लावणारे निरीक्षण १९४४मध्येच झालेले होते. ब्राझीलच्या लेआओ यांना प्राण्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर मंद गतीने सरकत जाणारी, मागे शांतता सोडणारी एक लाट दिसली. काही रुग्णांना वेदनेपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेघा दिसतात. १८७०मध्ये ह्यूबर्ट एअरी यांनी स्वतःला दिसणाऱ्या अशा रेघांची चित्रे काढली, आणि त्या बुरुजांच्या नकाशासारख्या दिसतात म्हणून तटबंदीवाचक नाव रूढ झाले. तट आणि दरवाजांच्या शहरात राहणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. ती तटबंदी म्हणजे दृष्टीच्या केंद्रावरून सरकणारी तीच लाट, हे पुढे स्पष्ट झाले. रोग डोक्याबाहेरच्या शिरेत नसून मेंदूच्या संवेदनशीलतेत आहे, आणि ती संवेदनशीलता पुष्कळदा आईकडून-वडिलांकडून आलेली असते, हे आजचे मत. १९९१मध्ये सुमाट्रिप्टान आले. रक्तदाबासाठीचे प्रोप्रानोलोल झटके टाळण्यासाठी उपयोगी पडते हे त्याच्या बऱ्याच आधी लक्षात आले होते, आणि ते आजही स्वस्तात मिळते. सीजीआरपी या प्रथिनाची भूमिका उलगडल्यावर त्याला अडवणारे पहिले इंजेक्शन २०१८मध्ये अमेरिकेत मान्य झाले. केवळ अर्धशिशी टाळण्यासाठी घडवलेल्या औषधांची पिढी येथून सुरू झाली. हा शोध लावणाऱ्या चौघांना २०२१चे 'ब्रेन प्राइझ' मिळाले. ही औषधे महाग आहेत.

१९५६पासून शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. अशा कोणत्याही सरकारी दवाखान्यात डोके दुखते म्हणून माणूस येतो तो बहुधा वर्षानुवर्षे दुकानातील गोळ्या खाऊन. येथे एक नवाच रोग भेटतो, संहितांना आणि हकिमांना माहीत नसलेला : गोळ्यांनी होणारी डोकेदुखी. साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा दिवस किंवा मिश्रणाच्या गोळ्या, अर्गोटामीन, ट्रिप्टान यांपैकी काही महिन्यात दहा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले, की औषधच दुखण्याला पोसू लागते. वाग्भटाने पाहिलेले, महिन्याने उसळून आपले आपण शमणारे दुखणे मग रोजचे होते. त्यावर इलाज म्हणजे गोळी बंद करणे, आणि पहिले काही दिवस डोके आणखी दुखते. हे रुग्णाला पटवणे मंत्र घालण्यापेक्षा कठीण काम आहे.

आणि नावाचा घोटाळा. अर्धशिशी म्हटले की वेदना अर्ध्या डोक्यातच हवी अशी समजूत असते. प्रत्यक्षात पुष्कळ रुग्णांत ती दोन्ही बाजूंना असते किंवा बाजू बदलते. 'माझे पूर्ण डोके दुखते, म्हणजे ही अर्धशिशी नव्हे, पित्त असेल' असे म्हणून कितीतरी स्त्रिया पंचवीस-तीस वर्षे लिंबू-सरबतावर आणि चतुर्थीच्या उपवासावर काढतात; तो उपवासच पुष्कळदा पुढचा झटका आणतो. म्हणून आता डॉक्टर बाजू शेवटी विचारतात. आधी विचारतात ते असे : उजेड सहन होतो का, आवाज सहन होतो का, मळमळते का, जिना चढल्यावर वाढते का, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते का, आईला होते का. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी, डोके दुखले त्या तारखेला खूण करायला सांगतात. तीन महिन्यांच्या खुणा घेऊन या, मग बोलू.